होंडा सिटीचा चेंबर बोल्ट: चुंबकाचा, कॉकवाला की साधाच?

प्रयोगवही (कराड)

मंडळी, प्रश्न किरकोळ आहे, पण दोन महिने डोकं खातोय.

गाडी २०१५ ची होंडा सिटी, पेट्रोल, मेव्हण्याकडून घेतलेली. गणपतीत गावी जाताना वाटेतल्या एका गॅरेजात ऑईल बदललं. पोरगं चेंबरखाली (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं ते भांडं) गेलं, ऑईल सोडायच्या भोकाला बोल्ट लावला, आणि शेवटी सतराच्या पान्यावर हातभर लांब नळी चढवून "खच्च" असा आवाज येईपर्यंत ओढलं. मी चहा पीत होतो. तो आवाज मला तेव्हाच आवडला नव्हता, पण बोललो नाही. शंभर किलोमीटरवर घर, पाऊस, मागे सासूबाई.

तेव्हापासून रोज सकाळी पार्किंगच्या शहाबादी फरशीवर एक ठिपका. आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा कापून खाली ठेवतो. रात्रीत साधारण पाच रुपयाच्या नाण्याएवढा डाग पडतो. डिपस्टिकवर महिन्यात फारसा फरक नाही, पण फरशी काळी झाली की घरात काय ऐकावं लागतं ते विवाहितांना सांगायला नको.

गेल्या रविवारी ऑईल काढून बोल्ट खोलला. तो शेवटपर्यंत पान्यानेच सोडवावा लागला, हाताने फिरलाच नाही. निघाला तेव्हा आट्यांत चंदेरी तार गुंडाळलेली होती, जरीच्या पदरातून धागा ओढल्यासारखी. फ्रीजवरचं चुंबक लावून पाहिलं: बोल्टला चिकटतं, चेंबरला नाही, त्या तारेलाही नाही. म्हणजे चेंबर ॲल्युमिनियमचं आणि तार त्याचीच. तोच बोल्ट टेफ्लॉन टेप गुंडाळून परत लावला. तीन दिवस कोरडं. चौथ्या दिवशी ठिपका हजर.

मी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, तेव्हा व्हर्नियर घरचाच. बोल्टचा बाहेरचा व्यास १३.८५ मिलिमीटर भरला, म्हणजे १४ चा बोल्ट. ऑनलाईन १४ चे चार प्रकार दिसतात:

टोकाला चुंबक असलेला. पाना न लावता दांडी फिरवून ऑईल सोडता येईल असा कॉकवाला. "ओव्हरसाईज", म्हणजे घासलेल्या भोकात स्वतःच नवे आटे पाडत जाणारा. आणि कंपनीचा साधा.

मन चुंबकावर आहे, बुद्धी साध्यावर, आणि खिसा म्हणतो ओव्हरसाईज लावून मोकळे व्हा. काय करू?

लालपरी_नव्हे_लालबोल्ट (सातारा)

सर, चुंबकाचाच घ्या, डोळे झाकून. मी माझ्या स्विफ्टला लाल रंगाचा ॲल्युमिनियमचा लावलाय, टोकाला चुंबक. दर वेळी काढला की त्यावर काळा लेप असतो. तेवढी घाण इंजिनमधून कमी झाली ना? आणि दिसतोही झकास.

प्रयोगवही

गाडीखाली दिसतो कुणाला हो? (चिडवत नाही, खरंच विचारतोय. आमच्याकडे फक्त मांजर बघतं.)

उद्यमनगर_टर्नर (कोल्हापूर)

सर, बोल्ट कुठला घ्यायचा हे नंतर बघू. आधी हे सांगा, व्यास मोजलासा, आटा मोजलासा का?

१४ चा बोल्ट ही अर्धीच ओळख झाली. त्याच्यापुढं आट्याचं अंतर लागतं. तुमच्या सिटीचा ड्रेन बोल्ट १४ बाय १.५, आमच्या भाषेत "दीडचा आटा". पण बाजारात १४ बाय १.२५ पण आहे, "सव्वाचा". दोन्ही हातात घेतले तर बघून फरक कळत नाही. आणि काही गाड्यांचा बोल्टच निराळा, टोयोटाच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १२ बाय १.२५ लागतो. गॅरेजात सगळे एकाच तेलकट डब्यात पडलेले असतात. पोरानं तुमचा बोल्ट त्या डब्यात टाकला असेल आणि डब्यातनं दुसराच उचलला असेल, तर?

सव्वाचा बोल्ट दीडच्या भोकात दोन-तीन फेरे हातानं जातो. मग अडतो. तिथं शहाणा माणूस थांबतो. नळी लावणारा थांबत नाही. लोखंड कडक, ॲल्युमिनियम मऊ, बोल्ट आपले आटे भोकात कोरत जातो. ती तुमची जरीची तार.

मोजायचं सोपं आहे. आट्याच्या एका टोकापासनं आठ घरं मोजा. १२ मिलिमीटर भरली तर दीडचा, १० भरली तर सव्वाचा. व्हर्नियरवर विश्वास नसेल तर घरात बजाज चेतकचा किंवा मारुती ८०० चा जुना स्पार्क प्लग शोधा. त्या प्लगचा आटा १४ बाय १.२५ असतो. बोल्ट आणि प्लग एकमेकाला चिकटवून उजेडाकडं धरा. दात दातात बसले आणि मधनं उजेड दिसला नाही, तर समजा कुणीतरी तुमचा गेम केलाय. स्प्लेंडरचा प्लग घेऊ नका, तो १० चा.

ओव्हरसाईज बोल्ट सध्या टोपलीतनं काढून टाका. का ते तुम्ही मोजून आलात की सांगतो.

मिशिगनकर (डेट्रॉईटजवळ)

कॉकवाल्याबद्दल माझा अनुभव, कारण तो प्रकार मी सहा वर्षं वापरतेय. जपानी फुमोटोचा, माझ्या सीआर-व्हीला. दांडी थोडी उचलायची, पाव वळसा फिरवायची, की ऑईल सुरू. चुकून उघडू नये म्हणून दांडीला वेगळी क्लिप येते, ती लावायचीच. पाना नाही, वायसर नाही, हात काळे नाहीत. इथे हिवाळ्यात उणे पंधरामध्ये ड्राइव्हवेवर आडवं पडायची वेळ आली की त्याची किंमत कळते.

दोन गोष्टी मात्र सांगते. भोक लहान असल्यामुळे ऑईल सावकाश येतं, मी तेवढ्यात कॉफी करून येते. आणि कॉकचा आतला काठ चेंबरच्या तळाच्या किंचित वर राहतो, त्यामुळे शेवटचं चमचा-दोन चमचे ऑईल आत उरतं. मला त्याचं काही वाटत नाही, माझ्या नवऱ्याला वाटतं.

पण तुमच्यासाठी नको म्हणेन. एक म्हणजे तोही त्याच आट्यांवर बसणार, आटे गेले असतील तर कॉक काय करणार? वर तो पितळेचा, त्याला ओढून घट्ट करायची सोय नाही. दुसरं म्हणजे सिटी बुटकी गाडी. गेल्या वर्षी माहेरी कराडलाच आले होते तेव्हा आमच्या गल्लीत मोजून अकरा स्पीडब्रेकर होते, त्यातले निम्मे लोकांनी स्वतःच घातलेले. चेंबरखाली दोन बोटं लोंबणारं काहीही मी तिथे लावणार नाही.

प्रयोगवही

अकरा नाही, आता तेरा झालेत. मंगळवार पेठ का?

मिशिगनकर

शनिवार पेठ. तुमचीही तीच गत दिसते.

डेपो_३१_वर्षं (नाशिक)

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. चुंबकाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

चुंबकाचा बोल्ट आम्ही आयुष्यभर पाहिला, पण तो गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलला. तिथे दातावर दात घासतात, लोखंडाची पूड पडते, आणि ती अडवायला बहुतेक ठिकाणी ऑईल फिल्टर नसतो. म्हणून चुंबक. इंजिनला फिल्टर आहे आणि तो दर वेळी बदलला जातो. इंजिनात चुंबक लावून तोटा नाही, पण ज्यासाठी लोक लावतात ते काम तो फारसं करत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा, बेअरिंगच्या आतला थर ॲल्युमिनियम, तांबं, कथील असल्या धातूंचा. यातलं चुंबकाला काहीच चिकटत नाही. सातारकरांच्या बोल्टवर येतो तो काजळासारखा लेप बारीक लोखंडाचा, जवळपास प्रत्येक इंजिनात येतो. बोटांत चोळल्यावर मऊ लागला तर काळजी नाही. टोचणारा कण लागला तर मात्र गाडी बंद करा.

आणखी एक. स्वस्त बोल्टमधलं चुंबक साध्या निओडिमियमचं असतं. ते ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की जोर कायमचा गमावू लागतं. इंजिन ऑईल सहज १०० च्या आसपास जातं. जास्त तापमानाला टिकणारे प्रकार आहेत, पण पाकिटावर तसं छापलेलं नसेल तर नाही असंच धरा. आणि चुंबक नुसतं डिंकाने चिकटवलेलं असेल तर ते एक दिवस चेंबरमध्ये पडलेलं सापडतं.

ॲल्युमिनियमच्या चेंबरला ॲल्युमिनियमचा रंगीत बोल्ट मी स्वतः लावणार नाही. दोन्ही मऊ, एकमेकांना धरून बसतात, आणि उघडताना कोण आधी फाटेल याचा नेम नाही. पोलादाचा साधा बोल्ट, वर जस्ताचा मुलामा. झालं.

तुमच्या गाडीला बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, ४० न्यूटन मीटर. आमच्या वेळी चार किलोग्रॅम-मीटर म्हणायचे. पंचवीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण सोळा किलोचा जोर लावला की झालं. त्याच पान्याला नळी लावून हात पाऊण मीटरवर नेलात तर तेवढ्याच जोरात १२० होतात. पोराच्या लक्षातही येत नाही की आपण तिप्पट ओढलं. दोष पोराचा नाही, त्याला कुणी हे सांगितलेलं नसतं. (दोष नाही म्हणालो, पण माझ्या हाताखाली असता तर दिवसभर नुसते वायसर मोजायला बसवला असता.)

लालपरी_नव्हे_लालबोल्ट

काका, लेप मऊ आहे. तरी आता झोप येणार नाही मला.

प्रयोगवही

टर्नरसाहेब, हात जोडतो.

चेतक विकून पंधरा वर्षं झाली, पण वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत त्याचे दोन प्लग निघाले, कागदात गुंडाळलेले, वर त्यांच्या अक्षरात "चालू आहे". एक बोल्टला लावून खिडकीत धरला. कंगव्यात कंगवा बसावा तसे दात बसले. उजेडाची रेघसुद्धा नाही. मग व्हर्नियरने आठ घरं मोजली: १०.०२ मिलिमीटर. सव्वाचा!

आता माझी फजिती ऐका. मी दर वर्षी अकरावीच्या पोरांना स्क्रू गेज शिकवतो. पहिलं वाक्य काय? "आधी पिच (आट्याचं अंतर) काढा, मग बाकीचं." सव्वीस वर्षं हे वाक्य म्हणतोय. आणि स्वतःच्या गाडीचा बोल्ट हातात आल्यावर व्यास मोजून, आकडा वहीत लिहून, बाजारात निघालो होतो. सव्वाचाच आणखी एक बोल्ट घेऊन आलो असतो, तोही चुंबकाचा.

आता भोकाचं सांगा. दीडचा नवा बोल्ट लावला तर धरेल का?

उद्यमनगर_टर्नर

मेलेल्या आट्यात नवा बोल्ट घालून काय होणार? पुढचे चार-पाच आटे नक्की गेलेत, मागचे किती राहिलेत ते बोटाला कळणार नाही. वाटा तीन आहेत.

पहिली, दीडचाच टॅप (आटे कापायचं हत्यार) फिरवून आटे साफ करायचे. मागचे आटे शाबूत असतील तरच. टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं म्हणजे कीस त्यात अडकतो, आत पडत नाही. तुमच्या केसमध्ये जरीची तार एवढी निघालीय की मला यात दम वाटत नाही.

दुसरी, तुमच्या टोपलीतला ओव्हरसाईज. तो पण आटे कापतच जातो, पण चेंबर गाडीला असताना, तुम्ही खाली झोपून, पान्यानं. जरा तिरका घुसला की डोकं एका बाजूला टेकतं, वायसर एका बाजूनंच दबतं, आणि गळती आहे तशीच. कापलेला कीस आत. वर पुढच्या वेळी तो निघाला की आणखी मोठा कुठनं आणणार? रस्त्यात अडकला असाल, घरी पोचायचं असेल, तर ठीक. घरी उभ्या गाडीला नाही.

तिसरी, चेंबर उतरवायचं आणि बुश मारायचं. भोक मोठं करून त्यात बाहेरनं १८ चे आणि आतनं १४ बाय १.५ चे आटे असलेला पोलादाचा बुश बसवायचा. मग कंपनीचा साधा बोल्ट, आणि पुढं आयुष्यभर पोलादात पोलाद. तारेचं हेलिकॉईल (भोकात बसवायची आट्यांची गुंडाळी) पण चालतं, पण दर वेळी उघडायच्या बोल्टला मला बुश बरा वाटतो.

हे कराडात पण होईल, चांगला लेथवाला बघा. एकच गोष्ट त्याला सांगा: बुश चेंबरच्या तोंडाच्या केसभर आत राहिला पाहिजे, बाहेर नको. कारण वायसर टेकायचं ते चेंबरच्या ॲल्युमिनियमवर. बुश पुढं आला तर वायसर त्याच्यावरच टेकणार आणि ऑईल बुशाच्या बाहेरच्या आट्यातनं वाट काढणार. मग तुम्ही मला शिव्या घालणार.

प्रयोगवही (तीन आठवड्यांनी)

झालं काम. उशीर झाला कारण प्रॅक्टिकल परीक्षा होत्या.

चेंबर इथल्या ओळखीच्या मेस्त्रीने उतरवून दिलं. त्याला कागदी गास्केट नसतं, ट्यूबमधल्या लिक्विड गास्केटवर चिकटलेलं असतं, सहजासहजी सुटत नाही. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की कड वाकते, म्हणून त्याने पातळ पत्ती चारी बाजूंनी फिरवली. अर्धा तास. मी टॉर्च धरून होतो.

मग चेंबर रॉकेलने धुतलं, दोन सकाळ पेपरांत गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि कोल्हापूर एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने विचारलं काय आहे. म्हटलं, चेंबर. तो म्हणाला, कुणाचं? शेजारच्या बाईंनी पदर सावरून खिडकीकडे सरकून घेतलं.

टर्नरसाहेबांनी (हे इथलेच, नाव सांगू नका म्हणाले) चेंबर लेथजवळच्या ड्रिलवर बांधायला जितका वेळ घेतला त्याच्या निम्म्या वेळात बुश मारला. बांधताना चार वेळा डायल लावून बघितलं. वायसर टेकतं त्या तोंडावर जुन्या बोल्टने गोल ओरखडे काढले होते, तेही हलक्या हाताने साफ केले. बुशाला लॉकटाइट (आटे पक्के धरणारा डिंक) लावून बसवला आणि नख फिरवून बघायला सांगितलं. नख चेंबरवरून बुशावर येताना अगदी बारीक पायरी उतरतं. तीच ती केसभर. पैसे घेताना म्हणाले, सर, अकरावीला काय शिकवता? मी विषय बदलला.

बोल्ट कंपनीचा साधा घेतला, सतराच्या डोक्याचा. ॲल्युमिनियमचं वायसर वेगळं, दर वेळी नवं. डेपोकाका, तुमच्या सोळा किलोसाठी मी कॉलेजातला स्प्रिंग बॅलन्स आणून पान्याला अडकवला आणि ओढला, कारण टॉर्क रेंच नव्हता. वीस किलोचा होता, पुरला. शेजारी गॅलरीतून बघत होते, मासे तोलतोय असं वाटलं असेल.

लिक्विड गास्केटच्या ट्यूबवर लिहिलेला वेळ थांबून मगच ऑईल ओतलं. जुनं काळं ऑईल डब्यात भरून मेस्त्रीकडे दिलं, त्याच्याकडे जुनं ऑईल नेणारा येतो.

आज बारावा दिवस. पुठ्ठा कोरडा. मांजर त्यावर झोपतं.

डेपो_३१_वर्षं

स्प्रिंग बॅलन्स! शाब्बास. पान्याला काटकोनात ओढलात ना?

प्रयोगवही

काटकोनात. गुण कापू नका.

लालपरी_नव्हे_लालबोल्ट

सर, माझा लाल बोल्ट मोजला. आठ घरं बारा मिलिमीटर. पण जुनं वायसर चेंबरलाच चिकटून राहिलं होतं आणि मी त्यावर दुसरं लावलं होतं, दोन सापडली. म्हणूनच अधूनमधून ओलं दिसायचं. साधा बोल्ट मागवलाय. लाल कुणाला हवा असेल तर सांगा, डाग नाही एकही.

प्रयोगवही

लाल नको. वायसर मात्र दहाचं पाकीट आलंय माझ्याकडे, एक लागलं, दोन ठेवतो. कराडात कुणाला होंडासाठी हवं असेल तर कॉलेजच्या वेळात या, फिजिक्स लॅब, पहिला मजला. तो सव्वाचा बोल्टही तिथेच आहे, चेतकच्या प्लगशेजारी, काचेच्या कपाटात.

मिशिगनकर

डिसेंबरात येतेय. दोन माझ्यासाठी ठेवा, बाबांच्या अमेझला लागतील. सासूबाईंना फरशी दाखवली का?

प्रयोगवही

दाखवली. म्हणाल्या, डाग अजून आहे की. तो जुना डाग आहे हे पटवून द्यायचं काम चालू आहे. सोडा, लिंबू, शिकेकाई झालं, आता कुणीतरी लाकडाचा भुसा सांगितलाय.